क्युबेस, प्रो टूल्स की लाइव्ह? आधी घराणं बघा

संगीताचं सॉफ्टवेअर घेताना बरेच जण फीचर्सच्या याद्या समोरासमोर ठेवतात. आज त्या याद्या जवळपास सारख्याच निघतात. खरा फरक घराण्याचा आहे: कोणतं सॉफ्टवेअर मुळात कशासाठी जन्माला आलं.

मिडी, म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांना निरोप देतात ती भाषा, आली 1983 मध्ये. मिडीत प्रत्यक्ष आवाज नसतोच. कुठला स्वर दाबला, किती जोरात दाबला, एवढा निरोप 3 बाइटमध्ये जातो. 1985 च्या अटारी एसटी संगणकाला मिडीचे पोर्ट मुळातच होते. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज सेकंदाला सुमारे 176 किलोबाइट खातो. म्हणजे 1 एमबी मेमरीत जेमतेम 6 सेकंद! तेवढ्याच जागेत स्वरांचे निरोप मात्र अख्ख्या गाण्याचे मावायचे. म्हणून घराघरांत आधी सिक्वेन्सर, म्हणजे हे निरोप ओळीनं साठवून वाजवणारी सॉफ्टवेअर, पोचले, रेकॉर्डिंग नंतर.

क्युबेस (1989) याच घराण्यातलं. कीबोर्डवर चाल बसवायची, मग एकेक स्वर उचलून मागेपुढे करायचा, हे काम त्यात आजही हाताला गोड लागतं. लॉजिक हे सॉफ्टवेअरही याच वाटेनं आलं, पण 2002 मध्ये ॲपलनं ते बनवणारी ईमॅजिक कंपनीच घेतली. त्यामुळे मॅक नसेल तर लॉजिकचा विचार सोडून द्या.

प्रो टूल्सचं घराणं टेपचं. 1991 मध्ये ते अवघ्या 4 ट्रॅकवर सुरू झालं. टेप ब्लेडनं कापून चिकटवायचे दिवस त्यानं संपवले. गाणाऱ्यानं एकच ओळ आठ वेळा गायली असेल, तर तिसऱ्या टेकमधला उठाव, सहाव्यातला शेवटचा शब्द आणि मधला श्वास दुसरीकडून, असं जोडून सांधा कळू न देणं हे याचं खरं बळ. माणसांचे आवाज आणि खरी वाद्यं रेकॉर्ड करणार असाल, किंवा फाइल्स व्यावसायिक स्टुडिओत जाणार असतील, तर माझं मत नि:संकोच प्रो टूल्सला. नुसती बीट बनवायला मात्र ते घेऊ नका.

बीटवाल्यांसाठी तिसरं घराणं आहे. 1997 चं फ्रूटीलूप्स, आजचं एफएल स्टुडिओ, 16 खणांच्या पट्टीवर ठोके मांडून सुरू होतं. 2001 चं एबलटन लाइव्ह रंगमंचावर वाजवण्यासाठी बनलं. 2004 पर्यंत त्यात मिडीचे स्वर मांडायची सोय नव्हतीच. गाणं चालू असतानाच लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारे तुकडे, बदलायचे असतील तर लाइव्हच घ्या, त्या कामात बाकीची सॉफ्टवेअर अडखळतात.

पैसे भरण्याआधी ट्रायल उतरवा आणि एकच प्रयोग करा. डोक्यात घोळणारी एक धून प्रत्येकात बसवून बघा. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये मेनू शोधताना धून विसरायला झाली, ते लिहून ठेवा आणि ते यादीतून काढून टाका.