वाजवायचा शंख घ्यायला सांगलीत हे दुकान एक नंबर, फक्त दक्षिणावर्तीच्या नादाला लागू नका

सांगलीत गणपती मंदिराकडं जाताना पूजा साहित्याची जी दुकानं लागतात त्यातलं हे एक. नाव लिहीत नाही कारण खाली तक्रार पण आहे आणि गल्ल्यावरचे काका माणूस म्हणून लई चांगले आहेत, उगाच त्यांना ताप नको. बाहेर तांब्याची भांडी टांगलेली, आत खालपासून वरपर्यंत शंखाचे कप्पे दिसले की समजा तेच.

आमच्या मंडळाच्या ढोल-ताशा पथकाला शंख पाहिजे होता. ऑनलाइन पाहिलं तर फोटो सगळे सारखेच आणि आवाज कसा आहे ते कोण सांगणार? इथली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे काका फुकून बघू देतात. बाकी ठिकाणी हात लावला तरी "घेणार असाल तरच काढतो" असलं ऐकायला मिळतं, इथं काका स्वतःच कपाटातून पाच-सहा काढून काउंटरवर मांडतात, स्पिरिटचा बोळा फिरवतात आणि म्हणतात "फुका की ओ, फुकल्याशिवाय कळतंय होय". मिरजेत तंबोरा घेताना जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, कानानं ऐकूनच घेतात ना, तसंच आहे हे. एकाच साइजचे दोन शंख पण आवाजात जमीन-अस्मानाचा फरक. आत जी नळी वळत वळत गेलेली असते तिची लांबी किती आणि टोक कुठं कापलंय यावर सूर ठरतो, म्हणून मोठा शंख खाली बोलतो आणि बारका चिरकतो. आमच्या पोरानं मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपवर लावून बघितलं तर आम्ही घेतलेला बरोब्बर पेटीच्या काळी चार सुराला लागला. वाजवताना शंखाच्या उघड्या फटीत हात घातला की सूर अजून खाली येतो, ही ट्रिक पण काकांनीच दाखवली. गाल फुगवून जोर लावायची गरज नसते, ओठ थरथरवायचे असतात, ट्रम्पेटसारखं. आमच्यातला सगळ्यात दांडगा गडी लालबुंद झाला तरी नुसती हवाच आली आणि आठवीतल्या पोरीनं पहिल्याच फुंकीत दणकून वाजवला, त्यावर अख्खं दुकान हसत होतं.

घेताना काय बघायचं ते पण लिहितो. एक तर फुकायच्या भोकाची कड. ती नीट घासलेली नसेल तर ओठ कापतो. दुसरं म्हणजे पोखरलेली भोकं. समुद्रात असतानाच काही स्पंज आणि किडे शंखाला बारीक बारीक भोकं पाडतात आणि विकणारे ती पांढऱ्या लांबीनं (पुट्टीनं) बुजवून पॉलिश मारतात. मोबाइलचा टॉर्च आत लावा, लांबी भरलेली जागा वेगळी दिसते, नख मारलं तर कळतंच. अशा शंखात हवा लीक झाली की आवाज फाटतो. काकांनी असले दोन आपणहून बाजूला ठेवले, "हे शोकेसला चालतंय, वाजवायला नको" म्हणाले. बरं वाटलं.

माल कुठला विचारलं तर रामेश्वर-तुतिकोरिनकडचा. बरोबर आहे ते, आपला जो पूजेचा आणि वाजवायचा शंख असतो तो टर्बिनेला पायरम नावाच्या समुद्री गोगलगायीचा, आणि मन्नारच्या आखातात पाणबुडे बुडी मारून तो पिढ्यान्‌पिढ्या काढत आलेत. काकांकडं एक न घासलेला शंख ठेवलाय, तो मागून नक्की बघा. पांढरा नसतोच ओ तो! वरून तपकिरी मखमली सालीसारखं काहीतरी असतं, ते काढून घासल्यावर आतलं दुधाळ पांढरं निघतं. हा प्राणी वाळूत राहतो आणि चक्क किडे खातो, म्हणजे देवघरातल्या शंखाचा मूळ मालक पक्का मांसाहारी. आम्ही होतो तेव्हा एका वहिनींनी विचारलं "म्हणजे जिवंत असतानाच काढतात का हो?" तर काकांनी न लाजता सांगितलं, "व्हय वहिनी, किनाऱ्यावर मरून पडलेला उन्हानं फुटका नि भुसभुशीत होतोय, त्यो वाजत न्हाई." त्या वहिनी शंख न घेताच गेल्या. गिऱ्हाईक गेलं तरी खरं बोलले, मला हे आवडलं.

अजून एक. आमच्या पथकातल्या एकाला तो लांबलचक ठिपक्याठिपक्यांचा शंख पाहिजे होता, व्हिडिओत बघितलेला. तो ट्रायटन नावाच्या दुसऱ्या समुद्री गोगलगायीचा, आणि तो आपल्याकडं वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, विकायला आणि जवळ ठेवायला पण बंदी. काकांनी ऐकल्या ऐकल्या हात जोडले. कुणी गुपचूप देतो म्हणाला तरी घेऊ नका, केस अंगावर येईल.

आता कडू भाग. काका जेवायला गेले की गल्ल्यावर त्यांचा पुतण्या बसतो आणि त्याचा सगळा भर लाल मखमली डबीतल्या दक्षिणावर्ती, म्हणजे उलट्या वळणाच्या शंखावर. साडेपाच हजार, सोबत लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट, "घरात लक्ष्मी टिकती, कानाला लावा दादा, ओम ऐकू येतोय". अरे बाबा, कानाला स्टीलचा पेला लावला तरी तेच ऐकू येतं. आजूबाजूचाच आवाज आत घुमत असतो, बाहेर रिक्षांचा एवढा दंगा आहे मग घुमणारच की.

खरा मुद्दा वेगळाच. शंखाचं निमुळतं चोचीसारखं टोक (फुकतो त्याच्या विरुद्ध बाजूचं) वर धरून फट आपल्याकडं केली तर नेहमीच्या शंखाची फट डावीकडं येते, दक्षिणावर्तीची उजवीकडं. आपल्या टर्बिनेलात असा उलटा शंख लाखात एखादा सापडला तर सापडला, म्हणून तर त्याला एवढा मान. मग पुतण्याच्या कप्प्यात डझनभर कुठनं आले? तर अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात लाइटनिंग व्हेल्क नावाची एक वेगळीच गोगलगाय असते, तिचे शंख जन्मजातच उलटे, ढिगानं मिळतात. टेक्सास राज्यानं १९८७ साली तिला आपला राज्यशंख केलंय, इतकी ती तिकडं नेहमीची. तोच शंख घासून पांढरा करून आपल्याकडं दक्षिणावर्ती म्हणून विकतात. ओळखायचं सोपं आहे, फटीतून आतल्या खांबाकडं बघा. आपल्या खऱ्या शंखाला तिथं तीन-चार ठळक आडव्या घड्या असतात, बोट घातलं तर लागतात. अमेरिकनवाल्याचा खांब गुळगुळीत. शिवाय तो वजनाला हलका आणि चोच लांब. मी पुतण्यासमोर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून टॉर्च मारला तर म्हणाला "दादा, ते क्वालिटीत फरक असतोय". क्वालिटीत नाही रे, प्राणीच वेगळा आहे! काका आल्यावर त्यांना पण बोललो, ते नुसतं "पोरगा वरून माल आणतोय" म्हणाले आणि पाणी घ्या म्हणाले. वाजवायच्या शंखाबद्दल एवढा प्रामाणिक माणूस इथं मात्र डोळेझाक करतो, हे पटलं नाही. सर्टिफिकेटवर प्राण्याचं नावच नाही, नुसता शिक्का. श्रद्धेनं घ्यायचा तर शंभर वेळा घ्या, पण साडेपाच हजाराला अमेरिकन गोगलगाय घेताय हे माहीत असू द्या.

त्याच कप्प्यात बोटं फुटल्यासारखा कामधेनू शंख पण आहे, तो पण टर्बिनेला नव्हे, वेगळ्याच कुळातला. दिसायला झकास पण आम्ही त्या भानगडीत पडलो नाही.

आमच्या पाच इंची शंखाला नऊशे सांगितले, साडेसातशेला दिला. तो काउंटरच्या मागच्या जुन्या लॉटमधला. २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं तेव्हा देवांचे फोटो, पोथ्या, अगरबत्त्या सगळं वाटोळं झालं म्हणे, शंख तेवढे चिखलातनं काढून धुतले आणि परत मांडले. पाण्यातलंच जनावर, त्याला पुराचं काय!

पॅकिंग मात्र रद्दी पेपरात गुंडाळून पिशवीत, त्यामुळं गाडीवरून नेणार असाल तर घरून टॉवेल न्या, टोकाची कड आपटली की टवका उडतो. आणि कुणीतरी लिंबू-चिंचेनं घासून चमकवा म्हणून सल्ला देईल, तसलं काही करू नका. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबट लागलं की विरघळायला लागतो, पॉलिश जाऊन खरबरीत होतो. साधं पाणी आणि मऊ ब्रश बास. वाजवून झाल्यावर उलटा करून आतली थुंकी काढायची आणि वाळू द्यायचा, नाहीतर वास मारतो.

बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, यूपीआय चालतं. गाडी लावायला जागा नाही, मंगळवारी आणि संकष्टीला तर रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, दुसऱ्या कुठल्या दिवशी सकाळी अकराच्या आत जावा, तेव्हा काका असतात. दुपारी दोन ते चार पुतण्या. वाजवायच्या शंखाला पाचपैकी पाच, मखमली डबीला शून्य, एकूण साडेतीन स्टार देतोय.