टकटकटक की एकच टक? बॅटरी बदलायची की सेल्फ खोलायचा

मागच्या पावसाळ्यात जांबोटीला पाहुण्यांकडं गेलो होतो, सकाळी बेळगावला निघायचं म्हणून चावी फिरवली तर डॅशबोर्ड पेटला, टक झालं आणि गाडी गप्प. चौघांनी धक्का मारला, सेकंड गिअरवर चालू झाली, आणि सगळे म्हणाले बॅटरी गेली. गावात येऊन नवीन बॅटरी टाकली, दोन दिवसांनी परत तेच. दोष सेल्फचा, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या स्टार्टर मोटरचा होता हो, जुनी बॅटरी चांगली होती! धक्क्यावर चालू झाली म्हणजे बॅटरीच गेली असं धरू नका, सेल्फ खराब असला तरी गाडी धक्क्यावर चालू होतेच.

आधी आवाज ऐका. टकटकटकटक असा भराभर येत असेल तर बहुतेक बॅटरी उतरलीय, सेल्फवरचा सोलेनॉइड म्हणजे चुंबकी स्विच ओढला जातो, व्होल्टेज पडतं, सुटतो, परत ओढला जातो. एकच जोरात टक आणि मग काहीच नाही, तर संशय सेल्फवर, आत कॉन्टॅक्ट जळालेत नाहीतर कार्बन, म्हणजे मोटरला करंट पोचवणारे ब्रश, झिजलेत. पण फारच उतरलेली बॅटरीपण कधी एकच टक देते, म्हणून हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट एकदम मंद झाली तर बॅटरी नाहीतर टर्मिनल (बॅटरीला वायर जोडतात ती टोकं), लाइट तशीच लख्ख राहिली तर सेल्फ. मल्टिमीटर असेल तर अजून बरं, बंद गाडीत चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12 च्या खाली म्हणजे उतरलेलीच समजा.

दोन्हीच्या आधी टर्मिनल बघायचं मात्र विसरू नका. खानापूर भागातल्या पावसात पांढरा-हिरवा थर लवकर धरतो असा माझा अनुभव, हातानं क्लॅम्प हलत असेल तर तिथंच घोडं अडलंय. निगेटिव्ह आधी काढा, खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं घासा, पुसून घट्ट बसवा, खर्च काहीच नाही.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर केबल लावून पटकन चालू झाली तर बॅटरीकडंच बघा, पण चालू इंजिनवर 13.8 ते 14.4 व्होल्ट येत नसेल तर इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर काम करत नाहीय, नवीन बॅटरीपण उतरणार. जंपर लावूनही एकच टक, तर माझ्या मते बॅटरीवर एक रुपयाही घालू नका, ऑटो इलेक्ट्रिशियनकडून सेल्फ खोलून घ्या. नुसत्या कार्बनवर भागलं तर नव्या बॅटरीच्या मानानं खर्च अगदी थोडा.

चोर्ल्याच्या घाटात अडकलात तर गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, एकानं चावी स्टार्टवर फिरवून धरायची आणि दुसऱ्यानं सेल्फच्या बॉडीवर पान्यानं हलकेच ठोकायचं, झिजलेले कार्बन कधीकधी तेवढ्यावर टेकतात, मग मात्र मेस्त्रीच्या दारात पोचेपर्यंत इंजिन बंद करू नका.