काटोल नाक्याची लेंडी तपासणी: जंताचं औषध पाजण्याआधी इथे जाऊन या

कळमेश्वरच्या बाजूला आमच्या बेरारी शेळ्या आहेत. पावसाळा लागला की आमच्या भागात सगळ्यांकडे तेच सुरू होतं. शेळ्या खंगतात, जबड्याखाली पाणी उतरतं, डोळ्याची आतली कड पांढरीफट्ट पडते. मग दुकानातून जंताची बाटली आणायची आणि अख्ख्या कळपाला पाजायची. नागपूरच्या काटोल नाक्याजवळच्या एका गाळ्यात जनावरांची छोटी प्रयोगशाळा आहे, तिथल्या लेंडी तपासणीबद्दल लिहितोय, कारण या बाटलीच्या नादात आपण औषधच निकामी करून ठेवतोय.

एका नमुन्याचे 150 रुपये घेतात. लेंड्या जमिनीवरच्या चालत नाहीत, हातमोजा घालून थेट शेळीच्या गुदद्वारातून काढायच्या, प्रत्येक शेळीची पिशवी वेगळी, आणि बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी पोहोचवायच्या. उष्णतेत अंडी फुटतात आणि मोजणी चुकते. तपासणाऱ्या मॅडम मिठाच्या दाट पाण्यात लेंडी घोळून गाळतात, रेघा आखलेल्या काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. एका ग्रॅमला किती अंडी, तो आकडा हातात मिळतो. मला त्यांनी स्वतः डोळा लावून बघायला दिलं. असं कोण दाखवतं?

आमच्या एका पाठीचा, म्हणजे तरण्या शेळीचा, आकडा निघाला 1400. फेनबेन्डाझोल पाजलं, दोन आठवड्यांनी पुन्हा लेंडी नेली, तर 500. मॅडम म्हणाल्या, "काका, 95 टक्क्यांच्या खाली उतार आला की समजायचं, जंत या औषधाला दाद देत नाहीत." मेंढीचं माप शेळीला पुरत नाही, शेळीच्या शरीरातून हे औषध लवकर निघून जातं, हेही त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या गटातलं लेव्हामिसोल वजन करून दिलं आणि पुढच्या तपासणीत काचेवर अंडं दिसलं नाही. ज्यांचे आकडे कमी होते त्या शेळ्यांना काहीच पाजलं नाही. औषध न लागलेले जंत कुरणात उरले तर मुरलेल्या जंतांचंच राज्य होत नाही, हे मला पटलं.

हा जंत म्हणजे हिमोंकस. एकेक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर रक्त पितो, म्हणजे पोटात हजार असले तर रोज 50 मिलिलिटर गेलं. एक मादी दिवसाला हजारोंनी अंडी घालते. बाटली रिकामी होते, कुरण भरलेलंच राहतं. म्हणून मी मॅडमना विचारलं, याची लस का नाही?

आहे, पण मेंढ्यांसाठी आणि ऑस्ट्रेलियात, 2014 पासून. ती मेंढीच्या पोटातून गोळा केलेल्या जंतांच्याच आतड्यातल्या प्रथिनांपासून बनते, आणि हंगामात दर सहा आठवड्यांनी टोचावी लागते. तेच प्रथिन साध्या जिवाणूकडून बनवून घेतलं तर ते तसं घडत नाही, त्यावर जंतासारखी साखर चढत नाही आणि संरक्षण मिळत नाही. दुसरा विचार जिवंत जिवाणूच्या लसीचा आहे, साखरेची अडचण मात्र त्यातही उरतेच. साल्मोनेला या आतड्याचा आजार करणाऱ्या जिवाणूचे जनुक असे कापायचे की तो आजार करणार नाही, शरीरात फार दिवस टिकणार नाही, पण आतड्याच्या अस्तरात जाऊन जंताचं प्रथिन शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीला दाखवून येईल. तोंडावाटे द्यायची, सुई नाही. जिवंत जिवाणूची लस आपल्या गोठ्यांना नवी नाही. कालवडींना सांसर्गिक गर्भपातासाठी टोचतात ती एस-19 तशीच आहे. जनावराला प्रतिजैविक चालू असेल तर मात्र अशी लस आतच मरू शकते.

कुत्र्यांवर हा प्रयोग झालाय. हायडॅटिडच्या, म्हणजे पाण्याच्या गाठींच्या आजाराच्या, फीतकृमीची दोन प्रथिनं साल्मोनेलात घालून ती कुत्र्यांना पाजली, 2008 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले आणि जंत 70 ते 80 टक्क्यांनी कमी भरले. कुत्री थोडीच होती, पण माझ्या मनातून ते जात नाही. आपल्याकडे बोकड कापला की पाण्याच्या गाठी आलेलं काळीज (यकृत) कुत्र्याला फेकतात. कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर, पाल्यावर येतात, तिथून शेळीत आणि माणसात. माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तशाच गाठी होतात. एक लस कुत्र्याच्या तोंडात गेली तर हा फेरा तुटेल. असं काम सेमिनरी हिल्सच्या आपल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात व्हावं, असं मला मनापासून वाटतं. तोवर गाठीचं काळीज खोल पुरा किंवा चांगलं उकळा, आणि कुत्र्याला डॉक्टरांना विचारून प्राझिक्वान्टेल हे फीतकृमीचं औषध द्या.

या प्रयोगशाळेला माझे पाचपैकी साडेचार गुण. अर्धा कापला कारण अहवाल इंग्रजीत छापतात. आमच्याकडच्या बाया शेळ्या सांभाळतात, त्यांना तो वाचता यायला हवा. रविवारी बंद. पोळ्याच्या आधी गर्दी असते, तेव्हा फोन करून जा, आणि पिशवीवर शेळीचा बिल्ला नंबर लिहायला विसरू नका.