मुतखड्याची तपासणी: सोनोग्राफी, एक्स-रे की सीटी?

पाठीतून जांघेत उतरणारी कळ घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीतल्या तपासणी केंद्रात गेलं की बहुतेक वेळा आधी सोनोग्राफी होते. ते बरोबरच आहे. किरणांचा संबंध नाही, खर्च कमी, आणि किडनीला सूज आहे की नाही ते तिथल्या तिथे कळतं. गरोदरपणात आणि लहान मुलांना तर हीच आधी करावी.

पण मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यातल्या गॅसमागे झाकला जातो, आणि तिथे अडकलेला खडा सोनोग्राफीत सहज निसटतो. मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेला खडा दिसायला लघवी भरलेली हवी, म्हणून तासभर आधी तीन-चार ग्लास पाणी प्यावं. लघवी फारच तुंबवली तर चांगली किडनीही फुगलेली दिसते. अशा वेळी लघवी करून येऊन पुन्हा बघायला सांगावं. बारीक खड्याचं माप इथे बरेचदा मोठं येतं. नुसत्या '6 मिमी' या आकड्यावर ऑपरेशनला होकार देऊ नका.

ऑपरेशनचा प्रश्न आला की सीटीच. चिठ्ठीवर 'प्लेन सीटी केयूबी, लो डोस' (किडनी, मूत्रवाहिनी, मूत्राशय यांचा कमी किरणांचा साधा सीटी) असं लिहून घ्या. डाय (शिरेतून देतात ते चित्र उठावदार करणारं औषध) नको, कारण डायही पांढरा आणि खडाही पांढरा. शंभरातले पंचाण्णवहून जास्त खडे यात सापडतात. नेहमीच्या सीटीत 10 मिलिसीव्हर्टच्या (किरणांचं माप) आसपास किरण लागतात, लो डोसमध्ये साधारण 3-4 च्या आत. वजन फार असेल तर मात्र लो डोसचं चित्र खरखरीत येतं. स्लाइस (सीटीतल्या प्रत्येक चित्राचा काप) 3 मिमी किंवा त्याहून पातळ हवी, 5 मिमीत बारीक खडे हुकतात. रिपोर्टात एचयू (खडा किती घट्ट ते सांगणारा आकडा) लिहिलाय ना, ते जरूर बघा: 1000 च्या वर असेल तर खडा शॉकवेव्हने (बाहेरून दिलेल्या धक्क्याच्या लहरींनी) नीट फुटेलच असं नाही, 500 च्या खाली असेल तर युरिक ॲसिडचा असण्याची शक्यता, आणि तो औषधाने विरघळू शकतो. इतकी उपयोगी माहिती दुसरी कुठलीच तपासणी देत नाही.

एक्स-रेत युरिक ॲसिडचा खडा दिसत नाही, आणि ओटीपोटातल्या शिरांमधले चुन्याचे ठिपके खड्यासारखे भासतात. निदानाला तो अपुराच. सापडलेला कॅल्शियमचा खडा खाली सरकला का, एवढं बघायला चांगला. आयव्हीपीची (शिरेतून डाय देऊन काढलेल्या एक्स-रेची) गरज आता क्वचितच पडते.

फिल्मबरोबर सीडी मागून घ्या, म्हणजे दुसरा डॉक्टर पुन्हा सीटी करायला लावणार नाही.

कळेसोबत थंडी वाजून ताप आला, किंवा लघवीच बंद झाली, तर केंद्र उघडायची वाट बघू नका. थेट सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात इमर्जन्सीला जा.