करवल्यांमध्ये कामं वाटायला शेअर केलेली शीट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मावसबहिणीचं लग्न डिसेंबरात पुण्यात झालं. आम्ही करवल्या पाच, दोघी बहिणी आणि तिच्या तीन मैत्रिणी, त्यातली एक बंगळुरूला. मे महिन्यात मोबाईलवर एक शीट करून सगळ्यांना शेअर केली, ती पार लग्नाची नोंदणी होईपर्यंत वापरली.

सुरुवातीला आम्ही चुकलो. एकेक काम सुटं लिहिलं आणि ज्या ओळीसमोर जिचं नाव ती करणार. शालू फॉल-पिकोला टाकायचा एकीने, ब्लाउज टेलरकडे दुसरीने. दोघींनी आपापल्या ओळीवर टिक केली आणि ब्लाउजपीस मात्र शालूलाच जोडलेला राहिला, पहिलीला वाटलं तो कापून दिलाय, दुसरीने टेलरकडे नुसतं माप दिलेलं, तीन आठवडे तसेच गेले आणि टेलरचा फोन आला तेव्हा कळलं. त्या रात्री शीट पुसून नव्याने मांडली. आता साडी म्हणजे खरेदीपासून ट्रायल, इस्त्री आणि लग्नाच्या सकाळी कार्यालयातल्या खोलीत हँगरला लागेपर्यंत सगळं एकीचंच. तिथून पुढे खरंच सुरळीत झालं.

सगळ्यात उपयोगी पडला तो ॲडव्हान्स आणि बाकी रकमेचा रकाना. फुलवाला, मेंदीवाली, मेकअपवाली, कुणाला किती दिले हे काकांना दरवेळी विचारावं लागलं नाही. लांबच्या मैत्रिणीला फोनवर होणारी कामं द्या, आमच्या बंगळुरूवालीने पाहुण्यांचे फोन आणि हिशोब तर सांभाळलाच, वर मंगलाष्टकही लिहिलं, ओळीला १९ अक्षरं मोजून शार्दूलविक्रीडितात, आणि प्रत्येक कडवं आम्हाला गाऊन पाठवायची.

पण आत्या, मामी, आजी शीट उघडत नाहीत, त्यांच्याकडून ती अपेक्षा करूही नये. रुखवत आणि गुरुजींची यादी (सुपाऱ्या, हळकुंडं, अंतरपाट, लाजाहोमाच्या लाह्या) त्यांच्याच हातात होती, म्हणून दर रविवारी शीट कागदावर उतरवून फ्रीजवर लावायचो आणि आजीला वाचून दाखवायचो. ती दरवेळी आमचं राहिलेलं एखादं तरी काढायचीच.

आणि एक कराच, लग्नाच्या दिवशी एका करवलीला कुठलंच काम देऊ नका. आमच्यात ती मी होते. गौरीहराला ताई पिवळी अष्टपुत्री नेसून बसली तेव्हा बाहेर नवरदेव आल्याची गडबड, खोली एकदम रिकामी झाली. मुंडावळ्यांची गाठ सैल होऊन दोरा कानामागे टोचत होता, हातात अक्षता म्हणून तिला हलताही येईना. मी गाठ नीट बांधली, स्ट्रॉने दोन घोट पाणी पाजलं. जाऊ नकोस एवढंच म्हणाली ती. मामा न्यायला येईपर्यंत मी तिच्याशेजारीच बसून होते.

शेवटची ओळ नोंदणीची ठेवा. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांच्या आत अर्ज द्यायचा असतो, तीन साक्षीदार लागतात आणि फॉर्मवर गुरुजींची सही. ती सही आम्ही मांडवातच घेतली, नंतर गुरुजींना गाठणं अवघड जातं. पत्रिकाही जपून ठेवा, कागदपत्रांत लागते.

आता हीच शीट नणंदेला कॉपी करून दिलीय, तिच्या मैत्रिणीचं लग्न मे मधे आहे.