वार-तारीख दाखवणारं डिजिटल घड्याळ: अल्झायमर असलेल्या घरात कितपत कामाचं?

सासूबाईंना अल्झायमर आहे कळल्यावर नातेवाइकांनी बदाम, ब्राह्मी, सुडोकू असं बरंच काय काय सुचवलं, त्यातलं खरं कामी आलं ते हे घड्याळ, म्हणून लिहितेय. आठ इंची स्क्रीन, त्यावर ठळक अक्षरात वार, तारीख, वेळ आणि सकाळ आहे की संध्याकाळ तेही. तीन हजारांच्या आत मिळतं. मराठी नाहीये, हिंदी आहे, पण आपल्या इंदूरात हिंदीने कोणाचं अडलंय!

भिंतीवर काट्यांचं घड्याळ आहे की, मग हे कशाला, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. तर न्यूरोलॉजिस्टकडे एक टेस्ट असते, कोऱ्या कागदावर घड्याळ काढा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. सासूबाईंनी गोल छान काढला, आकडे सगळे उजवीकडे कोंबले, आणि काटे काढले एक अकरावर, एक दहावर. रामबागेत गणिताच्या शिकवण्या घेणारी बाई हो! डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं म्हणजे काटा २ वर, हे डोक्यातल्या डोक्यात फिरवावं लागतं, आणि तेच आता जमत नाही. नुसतं वाचणं मात्र बरंच टिकतं. तेव्हा भिंतीवरचं घड्याळ त्यांना दिसत होतं पण कळत नव्हतं, ह्यावरचं 'गुरुवार, सुबह' सरळ वाचता येतं.

तोंडी सांगून का भागत नाही? तर हा आजार साधारणपणे हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाला लवकर धरतो, आणि नवीन गोष्ट पक्की करायचं काम त्याचंच. म्हणून आज वार कोणता ते पाच मिनिटांत पुसलं जातं, पण लग्न होऊन आल्या तेव्हा राजवाड्यासमोर कुठलं दुकान कुठे होतं ते ओळीने सांगतील. हट्टीपणा नाहीये तो. घड्याळ दहाव्यांदाही त्याच शांतपणे उत्तर देतं, मी देत नाही.

(आणि 'म्हातारपणी व्हायचंच' म्हणणाऱ्यांसाठी: अलॉइस अल्झायमरने १९०१ मधे फ्रँकफर्टला जी पेशंट तपासली ती ऑगस्ट डेटर जेमतेम ५१ वर्षांची होती. १९०६ मधे ती गेल्यावर तिच्या मेंदूत त्याला प्रोटीनचे थर आणि गुंते दिसले. म्हणजे आजार आहे हा, वय नाही.)

आता फेल कुठे होतं. संध्याकाळी. दिवेलागणीला सासूबाईंचं 'मला घरी जायचंय' सुरू होतं, पिशवीत टॉवेल आणि देवाची घंटी भरून दाराशी उभ्या. ह्या आजारात संध्याकाळी घालमेल वाढणं कॉमन आहे, मेंदूतलं झोपेजागेचं चक्रच बिघडतं. तेव्हा आमचे हे घड्याळाकडे बोट दाखवून 'आई, बघ ना, रात्रीचे आठ वाजलेत, आणि हेच आपलं घर' असं पुरावा दिल्यासारखं सांगतात, आणि त्या अजून चिडतात. घड्याळ वाद जिंकायला वापरू नका हो. मी म्हणते, 'आई, निघू या, आधी चहा घेऊ', चहा होईपर्यंत बहुतेक वेळा पिशवी बाजूला पडलेली असते.

औषधाच्या अलार्मचे मार्क कापले. टोन असा की त्या फोन वाजतोय समजून सगळीकडे शोधत बसतात, गोळी राहते बाजूला, शेवटी गोळी मीच देते. वायर आखूड आहे, टीव्हीजवळच ठेवावं लागलं. रात्री स्क्रीन आपोआप मंद होते ते चांगलंय, नाहीतर झोपमोड पक्की. लाईट गेल्यावर मात्र आतला सेल चांगला हवा, शेजारच्या काकूंनी घेतलेलं स्वस्तातलं दर वेळी १ जानेवारीवर जातं, आणि चुकीची तारीख दाखवणारं असण्यापेक्षा नसलेलं बरं.

आजार सुरुवातीच्या किंवा मधल्या टप्प्यात असेल, वाचलेलं समजत असेल, तर नक्की घ्या. पुढच्या टप्प्यात उगाच खर्च. माझ्याकडून साडेतीन स्टार. ऑर्डर करण्याआधी विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा, हिंदी आहे का आणि लाईट गेल्यावर वेळ टिकते का, आणि रिटर्नची मुदत संपायच्या आत एकदा प्लग काढून रात्रभर ठेवून बघा.