आज्जीचं पवित्र शास्त्र (बायबल) बाइंडिंगला दिलं होतं, लक्ष्मी मार्केटमागचं दुकान, ५ पैकी ४ स्टार

दुकानाला धड बोर्ड नाही त्यामुळे नाव काय टाकणार, मार्केटच्या मागच्या गल्लीत ऑफिसची रजिस्टरं आणि कॉलेजच्या पोरांचे काळ्या कव्हरचे प्रोजेक्ट बांधून देणारे एक तेलुगू अण्णा बसतात, त्यांच्याबद्दल लिहितोय.

आमच्या आज्जीचं मराठी शास्त्र, लग्नात मिळालेलं, हजाराच्या वर पानं, पाठ पूर्ण उखडलेली, त्यातला स्तोत्रांचा भाग, स्तोत्रसंहिता, तर सुटून वेगळाच झालेला. आज्जी ते परकराच्या नाडीनं बांधून ठेवायची आणि नाडी सोडल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही. ती गेल्यावर आई म्हणाली ह्याचं काहीतरी कर बाबा, वाळवी लागंल. दोन ठिकाणी विचारलं, एकजण म्हणला नवीन घ्या की, स्वस्तात मिळतंय. दुसऱ्यानं उघडून पण बघितलं नाही.

अण्णांनी मात्र आधी नाडी सोडली, पानं वास घेऊन बघितली, आणि म्हणले आठ दिवस. लागले बावीस. हे आधीच सांगून ठेवतो, तारीख देतील त्याच्यावर जाऊ नका, तिप्पट धरा.

पण काम बघाल तर एक नंबर. जुना सरस ओल्या फडक्यानं मऊ करून खरवडून काढला, मग एकेक फर्मा, म्हणजे घडीच्या पानांचा जुडगा, दोऱ्याला मेण लावून हातानं शिवला, पाठीला कापडाच्या पट्ट्या, आणि खळ घरात केलेली, मैद्याची, त्यात मोरचूद घालतात म्हणजे कीड लागत नाही. दोन दिवस दाबाखाली ठेवलेलं. आता कुठलंही पान उघडा, सपाट पडतं, परत मिटत नाही. काळं रेक्झीन, वर सोनेरी अक्षरं, सगळे मिळून ६५० रुपये. मी घासाघीस केली नाही, करू वाटलं नाही.

खरी गंमत सुट्ट्या पानांची झाली. कोपरे झिजून पान नंबरच गेलेले, त्यामुळे अण्णा एका पानाचं शेवटचं वाक्य वाचायचे आणि ते पुढं कुठल्या पानावर जुळतंय ते शोधायचे, चष्मा कपाळावर, ओठ हलवत. तिसऱ्या खेपेला गेलो तर मला बसवून घेतलं, म्हणले साहेब हे तुमचं तुम्ही लावा, मला कळंना. ते होतं हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, तिसऱ्या अध्यायाचं पान. अंजिराला फूल नाही, द्राक्षाला फळ नाही, शेतात खायला दाणा नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात ढोर नाही, आणि पुढच्याच ओळीत हा माणूस म्हणतो तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. अण्णा म्हणले, "मधलं एखादं पान गहाळ झालंय वो, सगळं गेलं आन लगेच आनंद कशाचा करतंय हे?"

पान गहाळ नव्हतं. समासात आज्जीच्या पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, १९७२, ज्वारी नाही. आणि खालच्या ओळीशी एकच शब्द, तरीपण.

बहात्तरचा दुष्काळ म्हणजे आज्जी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडीवर दिवस काढलेले, हे आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की तिनं सुरू केलं की आम्ही पळायचो. पण ती त्या दिवसांत हे पान काढून बसली होती हे कधी बोलली नाही.

आता माझं सांगतो. मागच्या वर्षी टॉवेलच्या एका कारखान्यातली माझी नोकरी गेली, सहा महिने घरी होतो, आणि तेव्हा चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी फुलाच्या फोटोवर देव चांगला आहे असं टाकायचं त्याची मला इतकी चीड आली की ग्रुप म्यूट केला. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायचो पण मागच्या बाकावर, मोबाईल बघत. मनात एकच, चांगला आहे तर मग पगार कुठाय. अण्णांच्या स्टुलावर बसून ते पान हातात धरलं तेव्हा कळलं की मी चांगुलपणाची पावती मागत होतो आणि आज्जीनं पावती नसताना सही केलेली. पाऊस पडल्यावर लिहिलं असतं तर मी पण मानलं नसतं.

दुसरं तेलकट पान होतं स्तोत्र ३४ चं. 'परमेश्वर किती चांगला आहे ह्याचा अनुभव घेऊन पाहा.' मूळ हिब्रूत तिथं चाखून बघा असा शब्द आहे, हे आमच्या पाळकसाहेबांनी एकदा भक्तीत सांगितलेलं, तेव्हा मला शेंगाचटणीचं दुकान आठवलं, आधी तळहातावर चिमूटभर टाकतात आणि मग विचारतात पाव का अर्धा. आणि हे स्तोत्र दाविदानं मजेत बसून लिहिलेलं नाही बरं, वरच्या बारीक टायपात दिलंय, राजापुढं वेड्याचं सोंग घेऊन सुटला तेव्हाचं आहे, दाढीवर लाळ गाळत, फाटकावर रेघोट्या ओढत. प्रेषित पौलाचं पण तसंच, फिलिप्पैकरांस पत्र, अवघे चार अध्याय, पानोपानी आनंद करा आनंद करा, आणि लिहिणारा बेड्यांत. ह्या लोकांचं चाखून झालेलं होतं. मी नुसतं वासावर रेटिंग देत होतो.

अण्णांना मी ह्यातलं थोडं सांगायचा प्रयत्न केला, नीट जमलं नाही. ते म्हणले आमची आई पण असंच काहीतरी म्हणायची, आणि परत दोऱ्याला मेण लावायला लागले. चहा त्यांनीच पाजला.

आता एक स्टार का कापला ते. मी तीनदा सांगितलेलं कडेनं कटिंग करू नका, समासात लिहिलंय. बाजूनं केलं नाही, पण वरून मशीन फिरवलंच, म्हणे कडा सरळ दिसत नव्हत्या. स्तोत्र ३४ च्या डोक्यावर आज्जीनं तारीख घातलेली, तिच्यातल्या वर्षाचा शेवटचा आकडा उडाला, १९८ राहिलंय आणि पुढं नुसतं "प्रभूनं दिलं". काय दिलं ते कुणालाच माहीत नाही. अण्णा कान पकडून सॉरी म्हणले, पन्नास रुपये परत करत होते, घेतले नाहीत. तुम्ही जुनी वही, पोथी, शास्त्र, कुराण काहीही देणार असाल तर कटिंग नको हे कागदावर लिहून पहिल्या पानात घालून द्या, तोंडी चालत नाही.

दुपारी एक ते चार बंद असतं, उगाच शटर वाजवू नका. गाडी मार्केटच्या पुढच्या अंगाला लावा, गल्लीत जागा नाही.

शास्त्र आता आईच्या उशाशी असतं, नाडी तिनं खूण म्हणून आत ठेवलीय. त्या कापलेल्या तारखेवरून घरात रोज वाद आहे, आई म्हणते ८३, तेव्हा मी पास झाले, काका म्हणतो ८६, म्हशीचं साल, आत्या म्हणते तुम्ही दोघं पण चुकताय.